नीलमचा पंप

शेवंती पहाटेच तोडावी लागते. ऊन वर आलं की फूल सैल पडतं, आणि सैल फूल अकोल्याच्या बाजारात व्यापारी बोटानं दाबून बाजूला सारतो, वर चार शब्द ऐकवतो. म्हणून पौषातल्या त्या गारठ्यात, बोटं वाकेनाशी झालेली असतानाही, आशाबाई आणि तिची रागिणी कंबरेत वाकून ओळीतून पुढे सरकत होत्या. पातूरच्या अलीकडचा हा मळा दोन भावांचा. थोरला पंजाबराव, आशाबाईचा नवरा. धाकटा किशोर, शालूचा नवरा. चुली कधीच दोन झाल्या होत्या, मळा मात्र एकच राहिला होता, आणि भांडायला तेवढं पुरेसं होतं.

त्या घराची एक रीत होती. पोर हाताशी आली की तिला शेवंतीच्या ओळी वाटून द्यायच्या. त्या निंदायच्या तिनं, तोडायच्या तिनं, आणि फूल झाडावरच सुकलं तर बोलणीही तिनंच खायची. रागिणीच्या ओळी विहिरीकडच्या, शालूच्या पोरीच्या, नीलमच्या, त्यांना लागून. पण दिवाळीपासून नीलमच्या ओळीही रागिणीच तोडत होती. नीलमच्या छातीला पहाटेचा गारठा आणि फवारलेल्या फुलांची धूळ सोसत नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मजूर बायका कापूस वेचायला गेलेल्या, त्यामुळे दुसरे हात मिळत नव्हते. पंजाबरावानं निवाडा करून टाकला, घरचीच पोर आहे, रागिणी करेल. निवाडा करणाऱ्याची कंबर दुखत नाही.

आशाबाईला हे रोज पहाटे नव्यानं खुपायचं. छातीला गारठा सोसत नाही आणि शाळेच्या मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारायला सोसतं, हे कोणतं दुखणं? नीलम आता चुलीपाशी शेकत चहा घेत असेल. दिवस वर आला की केस विंचरून मैदानावर जाईल आणि पंधराशे मीटरमध्ये पहिली येईल. रागिणी दोघींच्या ओळी तोडून, ओल्या गुडघ्यांनी तिथं पोचेल आणि दुसरी येईल. आशाबाईला हेवा वाटत होता. हेवा वाटतो हे तिला नीट ठाऊक होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. आपला हेवा हक्काचा आहे, असं तिचं सरळ मत होतं.

ओळ संपली तशी रागिणी उभी राहून खोकू लागली. तिला धावल्यावर असा खोकला यायचाच, गारठ्यातही यायचा. आशाबाई म्हणाली की डोक्याला रुमाल बांध म्हटलं तर बांधत नाहीस, सकाळी पोटात काही ढकलत नाहीस, मग दम कुठून टिकणार. रागिणी टोपली उचलून पुढच्या ओळीला लागली.

दोघी चुलत बहिणींत वर्षभराचंच अंतर. आधी दोघीही सारख्याच धावायच्या, सारख्याच मागे पडायच्या. मागच्या थंडीत नीलम शर्यत संपवून मैदानावरच बसली, खोकून खोकून तिचे ओठ काळपट पडले. शालूनं त्याच आठवड्यात तिला एसटीनं अकोल्याला नेलं. परत आली ती निळा पंप घेऊन. पंप म्हणजे बोटभर डबी, तिला जोडायला प्लास्टिकची फुगीर नळी. धावण्याआधी पाव तास तो नळीतून ओढायचा. तेव्हापासून नीलम सुटली ती सुटलीच. शाळेचे क्रीडाशिक्षक स्वप्निल सर मध्यंतरी फुलं घ्यायला मळ्यात आले होते. नीलम जिल्ह्यात नक्की पहिली येणार, अमरावतीला विभागीय स्पर्धेला जाणार, असं ते छाती ठोकून सांगत होते. आशाबाईनं विचारलं, आमची रागिणी? सर हसून म्हणाले, चांगली आहे की, नीलमला सोबत होते तिची. सोबत! सरांनी दोन किलो फुलं फुकट नेली आणि हा शब्द मागे ठेवून गेले. आशाबाई तो कितीतरी दिवस चघळत होती.

आणि तिला पंपाचं मर्म कळलं होतं, असं तिला वाटत होतं. तिचं माहेर अकोटकडचं. तिचे काका पटाचे बैल पाळायचे, शंकरपटाच्या शर्यतीत त्यांच्या जोडीचं नाव होतं. लहानपणी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की जोडी सुटायच्या आधी काका सगळ्यांची पाठ फिरलेली पाहून पपईच्या देठाची नळी बैलाच्या नाकाशी धरत आणि कसलीशी पूड फुंकत. बैल मान झटकायचा, डोळे लाल करायचा आणि उधळायचा. लोक म्हणत, काय जातिवंत जनावर आहे. आशाबाईला तेव्हापासून पक्कं ठाऊक होतं की पळणाऱ्याच्या मागे एक फुंकणारा असतो. नीलमला नळी तोंडाला लावताना तिनं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाच ती मनात म्हणाली, सापडली शालू. दुखण्याचं नाव आणि पळायचं औषध.

जिल्ह्याच्या स्पर्धा अकोल्याला होत्या. त्याच दिवशी पातुरात लग्न होतं आणि मंडपाची सगळी फुलं यांच्याकडून जायची होती. त्यामुळे शालू आणि किशोर दोघंही अडकले. पोरींबरोबर आशाबाईनं जावं असं ठरलं. निघताना शालूनं एक कापडी पिशवी तिच्या हातात दिली. नीलम कुठंही वस्तू विसरते, म्हणून पिशवी तुमच्याजवळच ठेवा, म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं पुन्हा एकदा बजावलं.

"बाई, धावाच्या पाव घंटा आधी तिले पंप द्या. आठवणीनं द्या. तेवढं केलं का मंग काई भेव नाई."

"देतो ना व. मले काय समजत नाई का?" आशाबाई म्हणाली.

एसटीत तिनं पिशवी मांडीवर धरली. पुढच्या बाकावर दोघी पोरी एका मफलरमध्ये माना घालून खिदळत होत्या. नीलमच्या पायांत नवे बूट होते, रागिणीच्या पायांत नीलमचेच मागल्या वर्षीचे. नीलमचा पाय मोठा, म्हणून पुढे कापूस कोंबला होता. आशाबाई सबंध रस्ता त्या बुटांकडे बघत होती.

मैदानावर माणसांचा आणि धुळीचा कल्लोळ होता. थंड वारं तोंडावर येत होतं. पंधराशे मीटरच्या मुलींना तयार राहायला सांगितलं, तशी नीलम पळत आली आणि म्हणाली, मोठीआई, पंप. आशाबाईनं पिशवीत हात घातला. डबी हाताला लागली. तिनं ती तळाशी रुमालाखाली सारली, वरचा डबा, पाण्याची बाटली, मफलर बाहेर काढून दाखवला आणि पंप घरीच राहिलेला दिसतो म्हणाली. नीलमचं तोंड उतरलं. तिनं स्वतः पिशवी चाचपायला हात पुढे केला, तेवढ्यात सरांनी शिट्टी मारून तिला छातीवर नंबर लावायला बोलावलं.

"मोठीआई, सरले सांगू नोको," नीलम म्हणाली. "थे मले धावू देणार नाई."

ती गेल्यावर आशाबाईनं रागिणीला कपडे बदलायच्या पत्र्याच्या आडोशाला नेलं. पंप आणि नळी काढून तिच्या हातात दिली. रागिणी मागे सरली, हा तर नीलमचा, म्हणाली. आशाबाईनं तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं की तिच्याजवळ तिचा आहे, हा दुसरा शालूनं तुझ्यासाठी दिला आहे. खोटं इतक्या सहज तोंडातून आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. नीलमला शंभरदा पाहिलेलं, त्यामुळे रागिणीला शिकवावं लागलं नाही. तिनं डबी हलवली, नळी ओठांत धरली, दाबून सावकाश ओढलं, दम धरला, पुन्हा एकदा तसंच केलं. आशाबाई पाठ करून पहारा देत उभी होती, अगदी काकांसारखी. मग तिनं पंप आणि नळी परत पिशवीत रुमालाखाली सारली.

शर्यत सुटली. पहिल्या फेऱ्यांत नीलम पुढे, तिच्यामागे मूर्तिजापूरची एक उंच पोर, मग रागिणी. आशाबाई दोरीला पोट लावून उभी होती. ती फक्त रागिणीच्या तोंडाकडे बघत होती. नेहमी या सुमाराला त्या पोरीचे खांदे कानाला लागायचे, मान ताणायची, पाय जमिनीला चिकटायचे. आज खांदे खाली होते. शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि रागिणीनं त्या उंच पोरीला बाहेरून मागे टाकलं, मग नीलमलाही. आशाबाईच्या मुठी पदरात वळल्या. इतक्या वर्षांत कोणत्याही सणाला झाला नसेल एवढा आनंद तिला त्या क्षणी झाला, आणि त्यात अर्धा आनंद नीलम मागे पडली याचा होता.

रागिणी पहिली आली. नीलम आलीच नाही. वळणावर ती थांबली, दोन पावलं वाकडी चालली आणि खाली बसली.

आशाबाई चालत निघाली, मग पळत. नीलमनं दोन्ही हात जमिनीला टेकले होते. श्वास आत जाताना गळ्याखालची खळगी खोल जात होती, बाहेर येताना छातीतून बारीक शिट्टी निघत होती. तिला बोलता येत नव्हतं. तिनं मोठीआईकडे पाहिलं, ती नजर मागणारी होती, संशयाची नव्हती. आशाबाईनं रुमालाखालून पंप काढला, सापडला बाई, इथंच होता, असं काहीबाही बडबडली. सर धावत आले, त्यांनीच नीलमला ताठ बसवलं, नळी तोंडाला लावून दाबत राहिले आणि सावकाश घे, सावकाश घे म्हणत राहिले. हळूहळू शिट्टी उतरली. ओठांवर रंग आला. रागिणी जवळ येऊन उभी राहिली होती, गळ्यात अजून मेडल नव्हतं. तिनं पंपाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि नीलमच्या पाठीशी जाऊन बसली. परतीच्या एसटीत ती आईशेजारी बसली नाही.

घरी शालूनं आशाबाईचे दोन्ही हात धरले. तुम्ही होत्या म्हणून पोर वाचली, म्हणाली. आशाबाईनं हात सोडवून घेतले आणि चुलीत लाकूड सारायला गेली. किशोरनं पेढे आणले, रागिणीच्या नावाचे. अमरावतीला पहिल्या दोघीच जायच्या होत्या, रागिणी आणि मूर्तिजापूरची ती उंच पोर. नीलमचं वर्ष गेलं. ती रडली नाही, उलट तिनंच रागिणीला बूट काढून दिले, हे घाल म्हणाली, नवे आहेत. आशाबाईला ते बघवलं नाही. हरलेली पोरही वरचढ ठरते कशी, म्हणून तिला पुन्हा हेवाच वाटला.

पुढचे काही दिवस तिच्या डोक्यात एकच विचार होता, की अमरावतीसाठी असा पंप मिळवायचा कसा. औषध जबर आहे, यात आता शंकाच नव्हती. पातूरच्या औषधवाल्याकडे जाऊन तिनं विचारूनही पाहिलं. त्यानं चिठ्ठी मागितली.

मग एका संध्याकाळी रागिणी सरावाला म्हणून शाळेपासून मळ्यापर्यंत धावत आली. आशाबाई बांधावर फुलांची गोणपाटं झटकत होती. पोर गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि खोकू लागली. आशाबाईच्या तोंडाशी तेच ठरलेलं वाक्य आलं, सकाळी पोटात काही ढकलत नाहीस. पाठीवर हात ठेवायला ती जवळ गेली आणि हात तसाच राहिला. रागिणीच्या छातीतून शिट्टी वाजत होती. बारीक, लांब, अगदी तीच. गळ्याखालची खळगीही तशीच आत जात होती, नीलमइतकी खोल नाही, पण जात होती.

आशाबाई बांधावर बसली. किती दिवसांपासून होतं असं, तिनं विचारलं. रागिणीला बोलायला वेळ लागला.

"पह्यल्यापासून," ती म्हणाली. "तुले सांगतलं होतं मी. तू म्हने, नीलमचं पाहून ढोंग करून राहिली."

"मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशी श्वास पुरला, आई. पह्यल्यांदा पुरला. मले वाटलं, साऱ्यायले असाच पुरत असन."

एवढं बोलून ती उठली आणि विहिरीकडे तोंड धुवायला गेली. आशाबाई बसूनच राहिली. ते वाक्य तिचंच होतं, आठवलं तिला. मागच्या थंडीतच म्हणाली होती ती, भाकरी थापता थापता, मान वरही न करता. शालूनं आपल्या पोरीच्या छातीला कान लावला होता, आणि तेव्हापासून आपण काय करत होतो, तर शालूच्या पोरीच्या ओळी किती आणि आपल्या पोरीच्या किती, याचा हिशेब. आपली पोर आजारी छातीनं दोघींच्या ओळी तोडत होती आणि तरीही दुसरी येत होती.

डॉक्टरीणबाईंकडे जायचं तर शालूला विचारावं लागणार होतं. नाव, पत्ता, वार, सगळं तिलाच ठाऊक. आणि रागिणीला कशाला, हा शालूचा पहिलाच प्रश्न असणार होता. रात्रभर आशाबाईनं तऱ्हेतऱ्हेची उत्तरं जुळवली, एकही धड उभं राहिलं नाही. सकाळी शालू ओसरीवर केळीच्या सोपटानं फुलांच्या जुड्या बांधत होती. आशाबाई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि रागिणीलाही दाखवायचं म्हणते, असं म्हणाली.

शालूला नवल वाटलं. "तिले काहून? थे तं औषधाबिगर पह्यली आली."

"औषधाबिगर नाई आली," आशाबाई म्हणाली.

शालूचे हात थांबले नाहीत. आशाबाईनं मान खाली घालून सगळं सांगितलं, रुमाल, आडोसा, काका, पपईचं देठ, सगळं. सांगताना मध्येच तिला वाटलं की शालू हसेल, निदान शिवी देईल. शालूनं हातातली जुडी पुरी बांधली, गाठ मारली, टोपलीत नीट ठेवली.

"माई पोट्टी मेली असती, बाई," ती म्हणाली. "अन् मी तुमचे हात धरले."

"हो."

"बुधवारी असते डॉक्टरीण. सकाळच्या गाडीनं निंगा. मीबी येतो, तुमच्या एकटीच्या भरवशावर नाई सोडत मी आता कोणाले." ती उठली, आत गेली आणि दार ओढून घेतलं.

बुधवारी चौघी अकोल्याला गेल्या. एसटीत शालू दोघी पोरींना घेऊन वेगळ्या बाकावर बसली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी रागिणीला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं, मग दवाखान्याचा जिना धावत चढ-उतर करायला सांगितला आणि थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. काटा पहिल्याच्या बराच खाली राहिला. पंप देऊन परत फुंकायला लावलं तेव्हा चढला. धावताना तोंडानं थंड, कोरडी हवा आत जाते आणि काही मुलांच्या श्वासनळ्या आवळतात, त्या म्हणाल्या. नीट औषध घेतलं, अंग गरम करून मग धावलं, थंडीत नाकातोंडावर मफलर ठेवला, तर खुशाल धावावं. पंपाची सवय लागत नाही, लग्नही मोडत नाही, तेही त्यांनी न विचारता सांगून टाकलं.

"पण यानं पाय जोरात पळते ना?" आशाबाईनं विचारलं. विचारल्यावाचून तिला राहवलं नाही.

"छे हो. ज्याच्या नळ्या मोकळ्या आहेत त्याला यानं काही मिळत नाही, हात थरथरतील तेवढेच. हिला श्वास मिळाला. पळाली ती स्वतःच्या पायांनी."

आशाबाईला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पोर पहिली आली ती स्वतःच्या जोरावर आली. पण मग नीलमही स्वतःच्याच जोरावर पहिली येत होती, आणि रागिणी तिच्या मागे राहत होती ती कोणामुळे, हेही त्याच वाक्यात आलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन पंप आणि एक नळी टेबलावर मांडली. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, घेतल्यावर चूळ भरायची. निळा धावण्याआधी. शिक्षकांना सांगून ठेवायचं. अमरावतीला जाणार असशील तर हे चुकता कामा नये. तोंडपाठ झाल्यासारखं रागिणीनं सगळं परत म्हणून दाखवलं. शालू मध्येच म्हणाली की जाईल ती अमरावतीला, घरातून एक तरी जाऊ दे. नीलमनं रागिणीच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती.

"आणि घरी हे कोण सांभाळणार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "वेळच्या वेळी देईल, विसरणार नाही, असं एक माणूस सांगा मला."

आशाबाईनं तोंड उघडलं.

"काकू," रागिणी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी शालूकडे पाहून विचारलं, तुम्हीच आई का? शालूनं हात पुढे केला नाही, नजरही वर केली नाही. आशाबाईला शालूचा हेवा वाटायचा तो वाटलाच, पूर्वी कधी वाटला नव्हता इतका वाटला. तिनं टेबलावरचे दोन्ही पंप आणि नळी उचलली, पिशवीत घातली, आणि पिशवी आपल्या हातानं शालूच्या मांडीवर ठेवली.

"मी आई होय," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "पण तिच्यापाशीच द्या."

मग ती बाहेर जाऊन चपला घालू लागली.